जोर नव्हे, सब्र

भाईजानच्या पिकअपची सीट काढायची होती. मासळीचे खारे पाणी झिरपून चारही बोल्ट गंजले होते. नुसता जोर लावला तर बोल्टचे डोके तुटते, आणि याच बोल्टांवर चालवणाऱ्याचा जीव असतो.

आम्ही वायर ब्रशने गंज खरवडला, गंज सोडवणारे तेल सोडले आणि रात्रभर थांबलो. सकाळी सहा कोनांची गोटी, लांब दांडा घेतला. आधी किंचित आवळले, मग सोडवले. अडले की पुन्हा तेल. जाळ मात्र लावला नाही, जवळच गालिचा आणि इंधनाची नळी असते. सीटमध्ये एअरबॅग असेल तर आधी बॅटरी सोडवून काही मिनिटे थांबावे.

दुपारपर्यंत चारही निघाले. भाईजान तेच परत लावत होते. आम्ही अडवले. त्याच मापाचे, त्याच ग्रेडचे नवे बोल्ट आणले. त्या सीटशेजारी आमची भाचरे बसतात.