पायमेक: आधी कोणती फाइल?

मॉडफ्लो म्हणजे जमिनीखालचं पाणी कुठून कुठे आणि किती वाहतं, याचं गणित मांडणारं सॉफ्टवेअर. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेनं ते 1984 साली फोरट्रानमध्ये आणलं. कोड खुला आहे, पण फाइली एकमेकींवर अवलंबून. क्रम चुकला की कंपायलर तिथेच अडतो. हातानं क्रम लावताना माझे दोन दिवस गेले. पायथनमधलं पायमेक प्रत्येक फाइलमधल्या 'यूज' ओळी वाचतं, क्रम ठरवतं आणि कंपाइल करतं. फौजेत आधी पूल, मग रणगाडे, तसंच हे. मात्र कंपाइल झालं म्हणजे उत्तर बरोबर आलं, असं समजू नका. आधी नमुन्याचं उदाहरण चालवा, आकडे ताडून पाहा. उपसा किती करायचा, हे त्यानंतरच ठरवा.