घास गिळताना

गळ्याच्या मध्यभागी दोन बोटे हलकेच टेकवा आणि आवंढा गिळा. बोटांखालचा कंठमणी झटकन वर जातो व पुन्हा खाली येतो. (मुलींच्या गळ्यावर तो दिसत नसला, तरी बोटांना जाणवतोच.) एवढ्याशा या हालचालीवर आपला जीव अवलंबून असतो.

घशात हवेची व अन्नाची वाट एकमेकींना छेदतात. पुढे श्वासनलिका, तिच्या मागे अन्ननलिका. श्वासनलिकेचे दार एरवी उघडे असते, तर अन्ननलिकेचे तोंड एका स्नायूने आवळून बंद ठेवलेले असते. घास गिळायचा म्हणजे ही व्यवस्था क्षणभर उलटी करायची.

जीभ घास मागे ढकलते, येथवरचे काम आपल्या मर्जीचे. घास घशाला लागला, की सूत्रे मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्कपुच्छाकडे जातात. मग घास परतवू म्हटले तरी परतत नाही! मृदुतालू उचलला जाऊन नाकाची वाट बंद होते. श्वास थांबतो, स्वरतंतू एकमेकांना भिडतात. जिभेच्या मुळाशी घोड्याच्या नालासारखे एक हाड आहे. ते दुसऱ्या कोणत्याही हाडाला सांधलेले नसते. हनुवटीकडचे स्नायू त्याला वर आणि पुढे ओढतात. त्याच्याबरोबर स्वरयंत्रही जिभेखाली सरकते आणि त्यावरची झडप मागे झुकते. गंमत अशी, की याच ओढीने अन्ननलिकेचे तोंडही उघडते. मात्र ते आवळून धरणारा स्नायू नेमका त्याच वेळी सैल पडावा लागतो. पंचवीसएक स्नायूंच्या जोड्यांचे हे काम, पण घशातला भाग सुमारे १ सेकंदात उरकतो. नंतर आपण बहुधा आधी श्वास बाहेर सोडतो, त्यामुळे दाराशी रेंगाळलेला कण आत ओढला जात नाही.

तोंडात घास असताना हसू फुटले, की हे वेळापत्रक चुकते व ठसका लागतो. कुणीतरी आठवण काढली, असे घरची मंडळी म्हणतात! ठसका लागतो हे चांगलेच, कारण चुकल्या वाटेचा कण तो बाहेर फेकतो.

पक्षाघाताच्या काही रोग्यांत स्नायूंचा मेळ बिघडतो आणि कधीकधी ठसकाही लागत नाही. अन्नपाणी गुपचूप फुप्फुसात उतरते व न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणूनच रोग्याला नीट गिळता येते की नाही, हे पाहिल्याखेरीज डॉक्टर तोंडाने काही देऊ देत नाहीत. नातेवाइकांना ते निष्ठुरपणाचे वाटते, चमचाभर पाण्याने काय होणार, असे ते म्हणतात. पण पाणीच अधिक धोक्याचे. दाट पेजेपेक्षा ते घशात वेगाने उतरते आणि मंदावलेल्या स्नायूंना दार लावायला वेळच मिळत नाही.