दुष्काळ आणि तुकारामांचा विवेक

इ. स. १६३०च्या सुमारास दख्खनमध्ये पडलेल्या भीषण दुष्काळात देहूच्या तुकारामांचा व्यापार बुडाला, पहिली पत्नी अन्नावाचून गेली आणि प्रतिष्ठित घराचे दिवाळे निघाले. या आपत्तीकडे त्यांनी पुढे देवाचा उपकार म्हणून पाहिले, आणि आपल्या अभंगांत, म्हणजे वारकरी परंपरेतील भक्तिपर पदांत, तसे स्पष्ट नमूद केले. मात्र केवळ दुःखाने शहाणपण येत नाही. तुकारामांनी एकांतात पूर्वसंतांची वचने पाठ केली, मोडकळीस आलेले विठ्ठलमंदिर सावरले आणि, परंपरा सांगते त्याप्रमाणे, आपल्या वाट्याची खते, म्हणजे कर्जाचे कागद, इंद्रायणीत बुडवून कर्जदारांना मुक्त केले. त्यांच्या वैराग्याची खरी थोरवी या शेवटच्या कृतीत आहे.