देव्हाऱ्यातला घोडा वजनावर मोडू नका

खळ्यावर किती पोती झाली ते आपण वहीत मांडून ठेवतो. गाईचं दूध डेअरीच्या पुस्तकात रोज चढतं. बांधावरच्या आंब्याची नोंदसुद्धा सात-बारावर असते. पण देव्हाऱ्यातल्या टाकांची नोंद तुमच्या घरी आहे का? किती टाक, कुणाकुणाचे, कुणी घडवले, वजन किती? दहा घरी विचारलं तर एखाद्या घरात आजीला तोंडपाठ असतं, बाकी सगळीकडे "असतील पाच-सात" असं उत्तर मिळतं.

कृषी विस्ताराच्या कामात आमचं बसणं ओटीवर आणि माजघरात होतं, म्हणून हे कानावर येतं. हल्ली जुन्या चांदीला गिऱ्हाईक वाढलं आहे. त्यातही घोडा असलेल्या चांदीला, म्हणजे घोड्यावरच्या देवाचा टाक आणि गळ्यातलं पदक, याला शहरातले आणि परदेशातले शौकीन शोधत असतात. आपल्याकडे मात्र तोच टाक सोनाराच्या काट्यावर जातो, घट कापून पैसे हातात पडतात आणि टाक मुशीत वितळतो. म्हणून आज पिकाचा विषय बाजूला ठेवून हे लिहितो आहे.

टाक घडतो कसा

टाक म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्यावर उठवलेली देवाची प्रतिमा. कारागिराकडे धातूचा ठसा असतो. त्यावर पत्रा ठेवून ठोकला की आकृती उठते. मागे बहुधा तांब्याचा पत्रा देऊन कडा मुडपतात. गळ्यात घालायचं पदक असेल तर वर कडी असते आणि पोटात लाख भरलेली असते. खंडोबाचे भक्त, वाघ्ये मंडळी असं पदक गळ्यात घालतात.

यात एक मेख आहे. ठसा पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. आजोबांच्या ठशावर नातूही टाक उठवतो. त्यामुळे नुसत्या आकृतीवरून टाक साठ वर्षांचा की दीडशे, हे जाणकारालाही छातीठोक सांगता येत नाही. ते कळतं घरातल्या माहितीवरून. "हा आमच्या पणजोबांनी वाटणी झाली तेव्हा केला," एवढं एक वाक्य असलं तरी टाकाचं वय निघतं. ते वाक्य विसरलं की टाक मुका झाला.

घोडा एक, स्वार अनेक

घोड्यावरचा प्रत्येक टाक खंडोबाचाच असतो असं समजू नका. सोबत म्हाळसा, घोड्याजवळ कुत्रा, पायाखाली मणी-मल्ल दैत्य अशा खुणा असतील तर तो खंडोबा. जेजुरी, पाली, निमगाव, माळेगाव ही त्याची ठाणी आपल्याला ठाऊक आहेतच. जोतिबाचं वाहनही घोडाच. आणि एकटाच स्वार, हातात शस्त्र, कुत्रा नाही, म्हाळसा नाही, असा टाक असेल तर तो घराण्यातल्या वीराचा असू शकतो. म्हणजे लढाईत किंवा अकाली गेलेला पूर्वज. नाशिक भागात धुळवडीला वीर मिरवतात, वाजतगाजत गोदावरीवर नेऊन स्नान घालतात, ते हेच टाक.

राजस्थानातही रामदेवबाबा आणि गोगाजी घोड्यावर बसलेले, अशी चांदीची पदकं गळ्यात घालायची रीत आहे. बाजारात ती आपल्या टाकांबरोबर एकाच ताटात पडतात आणि दुकानदार सगळ्यांना 'घोडेवाला देव' म्हणून मोकळा होतो.

सांगायचा मुद्दा हा, की चांदी किती ते सोनार सांगेल, पण घोड्यावर कोण बसलंय ते तुमचं घरच सांगेल. टाक घराबाहेर पडला आणि सोबत ही माहिती गेली नाही, तर संग्रह करणाऱ्याच्या हाती चांदीचा एक तुकडा राहतो आणि तुमच्या घरातला एक माणूस कायमचा पुसला जातो.

टाक घरातून जातो कसा

वाटणी हे पहिलं कारण. रिवाजाप्रमाणे जुने टाक थोरल्याकडे राहतात आणि धाकटे नवे करून घेतात. पण थोरला शहरात गेला, घर बंद पडलं, की टाक डब्यात आणि डबा माळ्यावर. दुसरं कारण झिजलेला टाक. नाक-डोळे गेले, पत्र्याला भोक पडलं की पूजेला चालत नाही म्हणून सोनाराला देऊन नवा घ्यायचा. यात काही गैर नाही, ही रीतच आहे. फक्त जुना मुशीत जाण्याआधी त्याचा फोटो काढावा आणि वजन लिहून घ्यावं, एवढंच म्हणणं.

तिसरं कारण अडचण. पेरणीच्या तोंडावर घरात पैसा नसतो, हे मला तुम्ही सांगायची गरज नाही. एका घरात तिघा भावांनी जूनमध्ये पाच टाक मोडले, बियाण्याची सोय झाली. पुढे म्हातारीनं विचारलं, "वीर कुठला?" तर पाचांतला वीर कोणता होता हे तिघांपैकी एकालाही सांगता आलं नाही. पैसे वेळेला उपयोगी पडले, त्याबद्दल तक्रार नाही. पण पाच मिनिटं काढून लिहून ठेवलं असतं तर नवा वीर पुन्हा करून घेता आला असता.

संग्रह करणारा काय बघतो

जाणकार संग्राहक टाकाची झीज बघतो. रोजच्या स्नानानं आणि भंडाऱ्याच्या बोटांनी स्वाराचं नाक, घोड्याचं तोंड असे उंच भाग आधी गुळगुळीत होतात आणि खोलगट रेषांत हळदीचा अंश राहतो. नव्या मालाला जुनं भासवायचं तर सगळीकडे सारखंच घासून काळं फासलेलं असतं. ओतीव नक्कल जाड आणि जड असते, मागची बाजू भरीव असते. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी औषधालाही नसते, तो तांबं, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू आहे. लोहचुंबक लावून बघणारे बघतात, पण चुंबकाला चांदीही चिकटत नाही आणि बहुतेक जर्मन सिल्व्हरही नाही. तेव्हा कसोटीचा दगड किंवा सराफाकडचं तपासणी यंत्र, हाच भरवशाचा उपाय.

चांगला संग्राहक माहितीसकट वस्तू मागतो. पुण्याचे दिनकर केळकर (१८९६–१९९०) गावोगाव फिरले आणि दिवे, अडकित्ते, कुलपं अशा रोजच्या वापराच्या वस्तू जमवल्या. लवकर गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावानं उभं राहिलेलं ते संग्रहालय आज सगळ्यांना बघता येतं. लोकांनी जुनं म्हणून टाकलेलं त्यांनी उचललं. आपल्याला तर पुण्याला जायचीही गरज नाही, आपल्या घरचा संग्रह देव्हाऱ्यातच आहे.

कायदा माहीत असू द्या

पुरावस्तूंचा कायदा १९७२ चा, अंमल १९७६ पासून. शंभर वर्षांहून जुनी कला-कारागिरीची किंवा धर्म-चालीरीतींची वस्तू ही पुरावस्तू. ती घरात ठेवायला, पूजायला कायद्याची आडकाठी नाही. मात्र धातूच्या मूर्तींसारख्या काही वर्गांची नोंदणी नोंदणी अधिकाऱ्याकडे करावी लागते. आपला जुना टाक त्यात बसतो का, ही शंका असेल तर लेखी अर्ज करून विचारून घ्या. पुरावस्तूंचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो. आणि खाजगी माणसाला पुरावस्तू देशाबाहेर नेता येत नाही, त्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आहे. दारावर येऊन "फॉरेनची पार्टी आहे" म्हणणाऱ्याला आधी परवाना दाखवायला सांगा. बहुतेक वेळा तो पुढच्या गल्लीला लागेल.

नांगरताना किंवा विहीर खणताना काही सापडलं तर गोष्ट वेगळी. तिथे १८७८ चा निखात निधीचा कायदा लागतो. दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं काहीही सापडलं तर काय सापडलं, कुठे आणि कधी, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, आणि सापडलेल्यातला वाटाही जातो. कळवलं तर चौकशी होते. कुणी खरा मालक निघाला नाही आणि वस्तू बेवारस ठरली, तर सापडवणाऱ्याला तीन हिस्से आणि जमीनमालकाला एक हिस्सा, अशी वाटणी कायद्यातच आहे. दोघांत आधीचा वेगळा करार असेल तर त्याप्रमाणे. सरकारनं वस्तू ठेवून घेतली तर धातूच्या किमतीवर तिचा पाचवा भाग जादा मिळतो. पोलीस पाटील आणि तलाठी भाऊसाहेबांनी हे चावडीवर एकदा समजावून सांगावं, म्हणजे लोक भिऊन वस्तू लपवणार नाहीत.

निगा कशी राखाल

चांदी काळी पडते ती गंधकामुळे. आपल्या घरात गंधक कुठून आलं, म्हणाल! द्राक्षाच्या किंवा भाजीपाल्याच्या भुरीसाठी आणलेली गंधकाची पिशवी ज्या खोलीत, तिथेच टाकांचा डबा असतो. आधी तो डबा दुसरीकडे हलवा. रबर बँड आणि लोकरही चांदीजवळ नको. धुतलेल्या सुती फडक्यात एकेक टाक वेगळा गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा.

सण आला की चिंच, राख, भुकटी घेऊन घासायचा मोह आवरा. प्रत्येक घासणीला थोडी चांदी जाते आणि देवाचं नाक आधी जातं. साधं कोमट पाणी, लागलंच तर थोडं रिठ्याचं पाणी आणि मऊ फडकं पुरे. तेजाबाला तर हातच लावू नका. लाख भरलेलं पदक गरम पाण्यात बुडवू नये, लाख सुटते. तांब्याची पाठ असलेला टाक ओला ठेवू नये, कडेनं हिरवट कळंक चढतो.

चंपाषष्ठीला एवढं कराच

मार्गशीर्षातल्या सहा दिवसांच्या नवरात्रात सगळे टाक एकत्र बाहेर येतात. तोच मुहूर्त धरा. दोनशे पानी वही घ्या आणि दर टाकाला एक पान द्या. देवाचं किंवा वीराचं नाव, कुळाचं ठाणं, लांबी-रुंदी, वजन ग्रॅममध्ये, कुणी व कधी घडवला, कुठे भोक, कुठे डाग. मोबाईलवर पुढून आणि मागून फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवा म्हणजे माप कळतं. फोटोची एक प्रत भावाकडे, एक लेकीकडे. लेकीला मुद्दाम म्हणतो, कारण माहेरचे देव तिला पाठ असतात. लिहायला शाळेतल्या नातवाला बसवा आणि सांगायला आजीला.

या वहीचा व्यवहारी फायदाही आहे. टाक चोरीला गेले तर "चांदीचे देव गेले" अशा फिर्यादीनं तपास पुढे सरकत नाही. वजन, माप आणि फोटो दिला तर सराफाकडे सापडलेला टाक तुमचाच, हे सिद्ध करता येतं. उद्या विकायची वेळ आलीच तर दोन सराफांकडे वजन करा, लाख आणि तांबं किती धरलं ते विचारा, पावती घ्या, आणि मोडण्याऐवजी तो संग्रहालयाला किंवा परवानाधारकाला देता येतो का, ते आधी बघा.

ग्रामसेवक आणि सरपंच मंडळींनी गावच्या देवळातल्या टाकांचीही अशीच यादी करून पुजाऱ्याच्या आणि पंचांच्या सह्या घ्याव्यात. खर्च एका वहीचा. आणि सुरुवात सांगणाऱ्यापासून करा. टाक वर्षभर थांबेल, पण ऐंशी वर्षांच्या आजीची आठवण पुढच्या चंपाषष्ठीपर्यंत थांबेलच असं नाही.