विंडोज १० गेली, आता लॅबचं काय?

विंडोज १०ची नेहमीची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबली. बातमी घरच्या लॅपटॉपपुरती वाचली गेली, पण तिचा मोठा फटका महाविद्यालयांच्या कॉम्प्युटर लॅबना आहे. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. म्हणजे २०१७च्या आधी घेतलेली यंत्रं नियमाप्रमाणे बाद. ती चालतात, स्क्रीन शाबूत आहे, पण कंपनीच्या लेखी त्यांचं आयुष्य संपलं. अशी यंत्रं ज्यांच्याकडे आहेत त्यांनी नवी खरेदी करावी, पैसे मोजून मुदतवाढ घ्यावी, नाहीतर लिनक्स टाकावं. असुरक्षित यंत्र तसंच चालू ठेवणं ही चौथी वाट, आणि बहुतेक ठिकाणी तीच धरली जाईल अशी मला धास्ती आहे.

खरं तर तिसरी, लिनक्सची वाट अहिल्यानगर जिल्ह्याला नवी नाही. इथली बहुतेक कला, वाणिज्य, विज्ञान महाविद्यालयं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत, आणि या विद्यापीठाच्या बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या प्रात्यक्षिकांत सी भाषा लिनक्सवर आणि डेटाबेस पोस्टग्रेसवर शिकवायची पद्धत जुनी आहे. शेवगाव-पाथर्डीकडून आलेला मुलगा पहिल्याच वर्षी टर्मिनलसमोर बसतो, टेबल तयार करण्याची आज्ञा टाइप करतो, शेवटचा अर्धविराम विसरतो आणि एंटर मारतो. पोस्टग्रेस चूक दाखवत नाही, ते नुसतं पुढच्या ओळीची वाट बघत थांबतं. मुलगा गोंधळतो, शेजारची मुलगी हात लांबवून अर्धविराम देते, टेबल तयार होतं. लिनक्स, पोस्टग्रेससारख्या मुक्त सॉफ्टवेअरचा प्रसार कुठे झाला असेल तर तो या बाकावर. कारण सरळ आहे: जर्नल भरायचं असतं, तोंडी परीक्षेत प्रश्न येणार असतो.

पुण्यात सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेत २००३पासून ‘ग्नूनिफाय’ हा मुक्त सॉफ्टवेअरचा मेळा मुलांनी वर्षानुवर्षं भरवला. सीओईपीतल्या विद्यार्थ्यांनी आपला मुक्त सॉफ्टवेअर गट बांधला. या उत्साहाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण विद्यार्थी तीन-चार वर्षांत बाहेर पडतो आणि त्याच्याबरोबर गटाची उमेदही जाते. एक दिवसाची कार्यशाळा, प्रमाणपत्र आणि सामूहिक फोटो यावर कॅम्पस बदलत नाही. अभ्यासक्रम आणि परीक्षा बदलली की बदलतो. केरळने हेच केलं. शाळांतलं संगणकशिक्षण मुक्त प्रणालीवर नेलं आणि दहावीची आयटीची परीक्षाही तिच्यावरच घेतली. मग शिक्षक शिकले, पुस्तकं आली, दुरुस्ती करणारे तयार झाले.

आपल्याकडे ही गोष्ट सर्वांत नीट ओळखली ती आयआयटी मुंबईतले केमिकल इंजिनीअरिंगचे प्राध्यापक कन्नन मौदगल्य यांनी. केंद्र सरकारच्या पैशातून त्यांनी उभा केलेला ‘फॉसी’ प्रकल्प व्याख्यानांवर विसंबला नाही. मॅटलॅबसारखं महागडं गणिती सॉफ्टवेअर का सुटत नाही, तर पुस्तकातली सोडवलेली उदाहरणं त्यात असतात. मग त्यांनी मुलांनाच सांगितलं, एक पाठ्यपुस्तक घ्या, त्यातली उदाहरणं सायलॅब या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये करून द्या, तपासून घ्या, मानधन घ्या. अशी शेकडो पुस्तकं झाली आणि कोणालाही खुली आहेत. दुसरी योजना त्याहून कामाची. महाविद्यालयाने आपल्या लॅबच्या प्रयोगांची यादी द्यायची आणि ते सगळे प्रयोग मुक्त सॉफ्टवेअरवर करून घ्यायचे. इलेक्ट्रॉनिक्ससाठी त्यांनी ‘ईसिम’ बांधलं. जोडीला ‘स्पोकन ट्युटोरियल’, साधारण दहा मिनिटांचे धडे, मराठीतही. पडद्याच्या एका बाजूला धडा, दुसरीकडे सॉफ्टवेअर; ऐकत ऐकत करून बघायचं. ज्या गावात शिकवणारा पोचत नाही तिथे हे पोचतं. लोणी, संगमनेर, कोपरगाव, विळद घाट इथे अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत. त्यांतल्या प्रत्येक विभागाने या वर्षी एकेक लॅब अशी बदलायला घेतली तरी चित्र पालटेल.

राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ मला या बाबतीत विशेष महत्त्वाचं वाटतं. एमएस्सीचा विद्यार्थी बाजरीच्या वाणांची यादृच्छिक गट पद्धतीची (आरबीडी) चाचणी घेतो, तीन-चार पुनरावृत्त्यांचे आकडे जमवतो आणि शेवटी प्रमाण त्रुटी (एसई) आणि निर्णायक फरक (सीडी) काढायला कुणाच्या तरी संगणकापाशी जातो. हे काम ‘आर’ या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये काही ओळींत होतं. ‘आर’ न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोन शिक्षकांनी बांधलं. त्यातलं शेतीचाचण्यांसाठी जगभर वापरलं जाणारं ‘ॲग्रिकोली’ हे पॅकेज पेरू देशातल्या ला मोलिना कृषी विद्यापीठातल्या फेलिपे दे मेंदिबुरू यांचं. पेरूतल्या कृषी विद्यापीठाचा शिक्षक हे करू शकतो, तर उसाच्या, डाळिंबाच्या, कोरडवाहू ज्वारीच्या चाचण्यांसाठीचं पॅकेज राहुरीहून का निघू नये? राहुरीचे प्रबंध ‘कृषिकोश’ या ऑनलाइन भांडारावर जगाला वाचायला मिळतात, तो कोशही ‘डीस्पेस’ या मुक्त सॉफ्टवेअरवर चालतो. वापर आपण कधीच सुरू केला आहे, भर घालणं तेवढं राहिलं आहे.

प्रवरानगरच्या जिल्ह्याला हे पटवून द्यायची गरज पडू नये. सहकारी साखर कारखान्यात शेतकरी नुसता ऊस घालणारा नव्हता, सभासद होता. मुक्त सॉफ्टवेअरमध्येही तसंच आहे. आतली रचना बघता येते, दुरुस्त करता येते आणि दुरुस्ती सगळ्यांना देता येते. फुकट मिळतं हा त्यातला सर्वांत छोटा फायदा. शिवाय क्रॅक केलेल्या विंडोजमुळे फुकटची सवय आपल्याला आधीच आहे. मुलांना कॉलेजातच चोरीची कॉपी वापरायची सवय लागते आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही, हे मला लाजिरवाणं वाटतं.

‘स्वदेशी’ सॉफ्टवेअरचीही हवा आहे. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५मध्ये अधिकाऱ्यांना झोहोचं ऑफिस वापरायला सांगितलं. भारतीय कंपनी पुढे जावी, आनंदच आहे. पण तिच्या सॉफ्टवेअरचीही रचना बंदच, त्यामुळे परावलंबन फक्त पत्ता बदलतं. केंद्राच्याच २०१५च्या धोरणात सरकारी कामासाठी मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यायचं ठरलं आहे, ते वाचायला हवं. आणि एमएस-सीआयटीसारखा घराघरात पोचलेला कोर्स वर्षानुवर्षं विंडोज आणि एमएस ऑफिसच्या बटणांभोवती फिरला, त्याचा परिणाम असा की लिबरऑफिस हे मुक्त ऑफिस उघडलं की शिकलेला माणूसही बिचकतो.

हे सगळं शेवटी येऊन थांबतं लॅब असिस्टंटपाशी. प्राचार्य सही करतात, विभागप्रमुख भाषण करतात, पण सकाळी साडेनऊला चाळीस यंत्रं चालू करून द्यायची जबाबदारी त्याची असते. प्रिंटर लिनक्सला दिसला नाही, की तो दुपारपर्यंत जुनी विंडोज परत टाकतो, आणि त्याचं चुकतं असं मला वाटत नाही. त्याला कोणी शिकवलेलंच नसतं. पुणे विद्यापीठाच्या अहिल्यानगर उपकेंद्राने दिवाळीच्या सुट्टीत पहिलं प्रशिक्षण या मंडळींसाठी ठेवावं: चार जीबी रॅमच्या यंत्रावर लिनक्स मिंट कसं बसवायचं, चाळीस यंत्रांवर एकदम कसं उतरवायचं, प्रिंटर आणि मराठी इनस्क्रिप्ट कळफलक कसा जोडायचा. सोबत तालुकावार एक फोन नंबर द्यावा, ज्यावर अडचण सांगितली की उत्तर मिळेल. आणि पुढच्या खरेदीच्या निविदेत ऑपरेटिंग सिस्टिमशिवायच्या यंत्राचा दर वेगळा मागवावा.