शुक्रवारी एडिटर बदलताना

सकाळी ९.३० – नवा एडिटर घ्यायचा तो सोमवारी नको, डेडलाइनच्या आठवड्यात तर नकोच. आज हातात मराठी संकेतस्थळाच्या किरकोळ दुरुस्त्या आहेत, म्हणून व्हीएस कोड बंद करून झेड उघडला. व्हीएस कोड इलेक्ट्रॉनवर चालतो, म्हणजे त्याच्या पोटात अख्खा ब्राउझर असतो. झेड रस्टमध्ये लिहिलेला आहे आणि पडद्यावरची अक्षरं थेट ग्राफिक्स चिपकडून काढून घेतो. मोठी फाइल उघडताना हा फरक जाणवतो. इलेक्ट्रॉन मुळात गिटहबच्या ॲटम एडिटरसाठी बनला होता, आणि झेड उभा केला तो ॲटमच्याच कर्त्यांनी.

१०.३० – बोटांची सवय मोडावी लागली नाही. कमांड-पीने फाइल, कमांड-डीने पुढचा तसाच शब्द. शॉर्टकट बरेचसे तेच. छोट्या खुणांवरून पूर्ण टॅग लिहून देणारं एमेट मात्र एक्स्टेन्शन म्हणून वेगळं घ्यावं लागलं. त्याच्याशिवाय एचटीएमएल लिहिणं मला जमणार नाही.

१२.०० – टाइपस्क्रिप्टच्या सूचना ओळखीच्या वाटल्या. त्या देणारा लँग्वेज सर्व्हर एडिटरबाहेर चालतो आणि दोघं एका ठरलेल्या प्रोटोकॉलने बोलतात. मायक्रोसॉफ्टने तो २०१६ मध्ये सर्वांसाठी खुला केला. त्याच्यामुळे छोट्या चमूचा एडिटरही आज मोठ्यांच्या रांगेत बसू शकतो, आणि मला हे फार मोलाचं वाटतं.

जेवणानंतर शेजारच्या ज्युनिअरने विचारलं, “दादा, मीपण बदलू का?”
“तुझं काम कुठे अडतंय?”
“कुठेच नाही.”
“मग राहू दे.”

३.०० – दिवसातलं महत्त्वाचं काम हे. इंडेंट किती, ओळ कुठे मोडायची, हे नियम माझ्या व्हीएस कोडच्या सेटिंग्जमध्ये होते. ते एडिटरकॉन्फिग आणि प्रिटियरच्या फाइलींत लिहून प्रकल्पातच ठेवले. आता कोणी कशातही लिहो, कमिटमध्ये फक्त खरा बदल दिसेल.

५.०० – मराठी मजकुराच्या फाइली. कोडिंगच्या बहुतेक फॉन्टांत देवनागरी नसते. अक्षरं दुसऱ्या फॉन्टातून येतात आणि ओळींची रुंदी जुळत नाही. जोडाक्षरं मात्र नीट उमटली. ती तुटली असती, तर वेग कितीही असला तरी हा एडिटर मी ठेवला नसता.

६.३० – झेड राहील. पण ॲटमही १५ डिसेंबर २०२२ ला बंद झालाच. तेव्हा एडिटर बदलायचा असो वा नसो, आपल्या प्रकल्पात एडिटरकॉन्फिगची फाइल आहे का, एवढं आज बघा. नसेल तर आजच टाका.