रोमिओ-ज्युलिएटचे खरे मारेकरी कोण?

महाविद्यालयात इंग्रजी विषय घेतलेल्या आमच्या मुलामुलींना शेक्सपिअरचे 'रोमिओ अँड ज्युलिएट' हे नाटक अभ्यासाला असले, की परीक्षेत एक प्रश्न हमखास येतो. या दोन कोवळ्या जिवांच्या मृत्यूला जबाबदार कोण? गाईडातले उत्तरही ठरलेले असते. नशीब, तारुण्याचा उतावीळपणा आणि दोन घराण्यांचे वैर अशी तीन कारणे लिहायची, प्रत्येकाला चार ओळी द्यायच्या आणि 'अशा प्रकारे सर्वच जण थोड्याफार प्रमाणात जबाबदार आहेत' असे म्हणून मोकळे व्हायचे. गुण मिळून जातात. पण सर्वच जबाबदार म्हटले की कोणीच जबाबदार राहत नाही, ही युक्ती आम्हाला चांगली ठाऊक आहे. गावात आमच्या वस्तीवर हल्ला होतो तेव्हाही तो 'जमावा'ने केलेला असतो. जमावाला नाव नसते, आडनाव नसते आणि जात तर नसतेच नसते. म्हणून आम्ही हा खटला पुन्हा चालवू इच्छितो. एकेका आरोपीला पिंजऱ्यात उभे करू आणि मग काय ते ठरवू.

प्रकरण थोडक्यात असे. इटलीतील व्हेरोना शहरात माँटेग्यू आणि कॅप्युलेट ही दोन बडी घराणी. वैर पिढीजात, पण कशावरून सुरू झाले ते नाटकात कोणीही सांगत नाही, बहुधा कोणाला माहीतही नाही. माँटेग्यूंचा रोमिओ आणि कॅप्युलेटांची ज्युलिएट एका मेजवानीत भेटतात आणि दुसऱ्याच दिवशी पाद्री लॉरेन्सच्या हातून गुपचूप लग्न करतात. त्याच दुपारी ज्युलिएटचा मामेभाऊ टिबॉल्ट रोमिओच्या मित्राला मारतो आणि रोमिओ टिबॉल्टला. राजा रोमिओला हद्दपार करतो. इकडे बाप ज्युलिएटचे लग्न पॅरिस नावाच्या सरदाराशी ठरवतो. पाद्री तिला ४२ तास मेल्यासारखे झोपवणारे औषध देतो. ही खबर देणारे पत्र रोमिओपर्यंत पोहोचत नाही. तो तिला मेलेली समजून विष घेतो आणि ती जागी होऊन त्याच्याच खंजिराने स्वतःला संपवते.

पहिला आरोपी नशीब. नाटकाच्या सुरुवातीलाच ग्रहताऱ्यांचा उल्लेख आहे, त्यामुळे प्राध्यापक मंडळींना हा आरोपी फार आवडतो. पत्र घेऊन निघालेला साधू प्लेगच्या संशयावरून एका घरात कोंडला गेला, हा योगायोग खरा. पण प्रश्न असा, की नवऱ्याला बायकोची खुशाली कळवायला चोरून पत्र पाठवण्याची वेळच का आली? प्लेगने पत्र अडवले. माणसे मात्र माणसांनीच अडवली होती. ज्या समाजाला हजारो वर्षे पूर्वजन्मीच्या कर्माचा दाखला देऊन गप्प बसवले गेले, त्याने तरी नशिबाच्या नावावर खून पचू देऊ नये. या आरोपीला आम्ही सोडून देतो. तो अस्तित्वातच नाही.

दुसरा आरोप खुद्द त्या दोघांवर. हा आरोप शेक्सपिअरपेक्षा जुना आहे. शेक्सपिअरने ही कथा आर्थर ब्रूक नावाच्या इंग्रज कवीच्या १५६२ सालच्या दीर्घकाव्यावरून घेतली. ब्रूकने प्रस्तावनेत सरळ निकाल देऊन टाकला होता. ही पोरे वासनेच्या आहारी गेली, आईबापांना विचारले नाही, म्हणून मेली, असा त्याचा उपदेश. आमच्याकडच्या कीर्तनकारालाही हा उपदेश परका वाटणार नाही. शेक्सपिअरने तो उपदेश गाळला. ब्रूकच्या काव्यात सुमारे १६ वर्षांची असलेली मुलगी त्याने १४ देखील पूर्ण न झालेली केली आणि अनेक महिने चालणारी कथा पाच दिवसांत आणली. त्यामुळे घाई दिसते हे खरे. पण घाई कोणाची? लग्न गुरुवारी ठरवून मग बुधवारीच उरकायला निघाला तो तिचा बाप. ज्या मुलीला तीन दिवसांत दुसऱ्याच्या हवाली केले जाणार आहे, तिने धीर धरायचा तो कशाच्या आधारावर? आणि १३ वर्षांच्या लेकराला आम्ही आरोपी म्हणणार नाही. ती फिर्यादी आहे.

तिसरा आरोपी पाद्री लॉरेन्स. हा माणूस वाईट नाही. या लग्नाने दोन घराण्यांचे वैर मिटेल अशी त्याची प्रामाणिक आशा आहे. पण त्याची सगळी सुधारणा गुपचूप चालते. लग्न लावून दिल्यावर चर्चच्या दारात उभे राहून 'होय, मी लावले' असे सांगण्याची हिंमत त्याच्यात नाही. सत्य बोलण्याऐवजी तो औषधाची बाटली देतो. आणि शेवटी थडग्यात ज्युलिएट जागी होते तेव्हा पहारेकऱ्यांचा आवाज ऐकून तो तिला एकटी टाकून पळतो. अशी माणसे आम्ही पाहिली आहेत. व्याख्यानमालेत ते जातिनिर्मूलनावर तासभर बोलतात, आणि पळून आलेले जोडपे रात्री दारात उभे राहिले की त्यांच्या घरातला दिवा विझतो.

चौथी दाई आणि पाचवा विष विकणारा औषधवाला. दाईने निरोप पोहोचवले, दोरीची शिडी आणली, आणि बाप खवळल्यावर मात्र 'पॅरिसशी लग्न करून मोकळी हो' असा सल्ला दिला. ती चुकली. पण ती त्या घरची नोकर आहे, मालकाच्या अन्नावर जगणारी. औषधवाला तर भुकेकंगाल. विष विकले तर मृत्युदंड हा कायदा त्याला माहीत आहे, आणि आपली इच्छा नाही, गरिबी हे करायला लावते, असे तो रोमिओला सांगतो. आता ब्रूकच्या काव्यातला शेवट पाहा. तिथे राजाने शिक्षा कोणाला दिली? दाईला हद्दपार केले आणि औषधवाल्याला फाशी दिली. दोन्ही घराण्यांचे म्होरके मोकळे. वाचकहो, या न्यायदानाची पद्धत आपल्याला ओळखीची वाटत नाही काय?

आता खरे आरोपी. टिबॉल्ट आधी घेऊ. रोमिओचा नुसता आवाज ऐकून तो तलवार मागवतो. त्याचे रोमिओशी वैयक्तिक काही नाही, आडनावाशी आहे. पण टिबॉल्ट एकटा तयार होत नाही. नाटकाच्या पहिल्याच प्रसंगात दोन्ही घरांचे नोकर रस्त्यात एकमेकांना चिथावतात. भांडण मालकांचे, डोकी फुटतात नोकरांची. ज्यांना त्या घराण्याच्या दौलतीतला एक पैसाही मिळणार नाही, तेच घराण्याच्या अब्रूसाठी मरायला पुढे. बहुजन समाजातल्या तरुणांनी हा प्रसंग एकदा तरी वाचावा.

मग तो बाप, कॅप्युलेट. नाटकाच्या आरंभी तो फार समजूतदार आहे. पॅरिसला तो म्हणतो की माझी संमती पुरेशी नाही, पोरीची पसंती महत्त्वाची. मेजवानीत रोमिओ आलेला कळल्यावर 'मुलगा सभ्य आहे म्हणतात' असे सांगून टिबॉल्टला आवरतो. म्हणजे त्याच्या मनात रोमिओविषयी द्वेषसुद्धा नाही! पण ज्या क्षणी ज्युलिएट 'नाही' म्हणते, त्या क्षणी तो तिला घराबाहेर काढण्याची, रस्त्यावर उपाशी मरू देण्याची भाषा करतो. मुलगी ही आपली मालमत्ता आहे आणि ती कोणाला द्यायची हे आपण ठरवणार, हे त्या समजूतदारपणाच्या खाली आधीपासूनच होते. तिने फक्त खरवडून दाखवले.

आणि शेवटचा आरोपी राजा, म्हणजे शासन. तीन वेळा शहरात दंगल झाली. राजाने दोन्ही म्होरक्यांना बोलावले, दम दिला, घरी पाठवले. शेवटी मुडद्यांसमोर उभा राहून तो स्वतःच कबूल करतो की आपण या वैराकडे डोळेझाक केली. त्याचेही दोन नातलग त्यात गेले, तेव्हा कुठे हे कळले. काहींना माफी, काहींना शिक्षा, असे म्हणून तो निघून जातो. दोन्ही बाप एकमेकांच्या मुलांचे सोन्याचे पुतळे उभारण्याचे ठरवतात आणि पडदा पडतो. जिवंतपणी ज्यांना एक खोली मिळाली नाही, त्यांना मेल्यावर सोने.

आमचा निकाल असा, की मुलगी ही घराण्याची मालमत्ता आहे असे मानणारी व्यवस्था ही मुख्य आरोपी, आणि डोळेझाक करणारे शासन तिचे साथीदार. बाकी सगळे कमीअधिक कच्चे दुवे.

इथे बाबासाहेबांची आठवण अटळ आहे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या 'कास्ट्स इन इंडिया' या निबंधात त्यांनी दाखवून दिले, की जातीतल्या जातीत लग्न हाच जातीचा गाभा आहे. ही भिंत टिकवण्यासाठीच सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या प्रथा आल्या, म्हणजे जातीचे कुंपण बाईच्या शरीरावर उभे केले गेले. १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त त्यांनी आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय असल्याचे सांगितले. आणि स्त्रीला लग्नाचा, घटस्फोटाचा, वारशाचा हक्क देणारे हिंदू कोड बिल रखडवले गेले तेव्हा १९५१ मध्ये मंत्रिपदावर लाथ मारली. व्हेरोनाचा रोग काय होता, हे गाईडवाल्यांपेक्षा बाबासाहेबांच्या वाचकाला लवकर कळते ते यामुळे.

मात्र एक फरक विसरता कामा नये. शेक्सपिअर पहिल्याच ओळीत सांगून टाकतो की दोन्ही घराणी तोलामोलाची आहेत. म्हणून तिथे दोन्ही बाप शेवटी हातात हात देऊ शकले. आमच्याकडे उतरंड आहे. इथे रोमिओ मेला तर त्याच्या बापाच्या हाती कोणी हात देत नाही, उलट केस मागे घे म्हणून दबाव येतो. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले सोनई आठवा. १ जानेवारी २०१३ रोजी मेहतर समाजातल्या तीन तरुणांची हत्या झाली, त्यातल्या एकाचे प्रेम सवर्ण मुलीवर होते म्हणून. त्याच जिल्ह्यातले खर्डा आठवा. एप्रिल २०१४ मध्ये १७ वर्षांच्या दलित विद्यार्थ्याला शाळेतून मारत नेऊन संपवले, का तर सवर्ण मुलीशी बोलतो. सोनईत २०१८ साली नाशिकच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली. खर्ड्यात साक्षीदार फिरले आणि २०१७ साली आरोपी निर्दोष सुटले. नागराज मंजुळेंचा 'सैराट' २०१६ मध्ये आला, तेव्हा गाण्यांवर नाचलेला महाराष्ट्र शेवटच्या दृश्यात गप्प झाला. ती शांतता कबुलीजबाबाची होती.

आणि आमच्या इतिहासात याहून भीषण उदाहरण आहे. बाराव्या शतकात कल्याण नगरीत बसवण्णांच्या शरणांपैकी चर्मकार हरळय्याचा मुलगा आणि ब्राह्मण मधुवरसाची मुलगी यांचा विवाह झाल्याचे परंपरा सांगते. इथे बापांनी विरोध केला नव्हता, आनंदाने संमती दिली होती. म्हणून बिज्जळ राजाने त्या बापांनाच ठार केले. व्हेरोनाच्या राजाने डोळेझाक केली, कल्याणच्या राजाने धर्ममार्तंडांचे ऐकले. याउलट राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ साली कोल्हापूर संस्थानात आंतरजातीय विवाहाला कायद्याची मान्यता दिली. राजाने काय करायचे असते ते असे करायचे असते.

आज राजा नाही, संविधान आहे. २७ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन सज्ञान व्यक्तींच्या विवाहात खाप वा जातपंचायतीने ढवळाढवळ करणे बेकायदेशीर ठरवले, जोडप्यांसाठी संरक्षण व सुरक्षित निवारा देण्याचे निर्देश दिले. पण १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात ३० दिवसांची जाहीर नोटीस आहे. टिबॉल्टला पत्ता कळायला ३० दिवस पुष्कळ झाले.

आता शेवटचा आणि अवघड मुद्दा. आम्ही आतापर्यंत दुसऱ्यांना पिंजऱ्यात उभे केले. आमच्या घरात काय चालते? वधूवर सूचक मेळाव्याच्या अर्जात 'पोटजात' हा रकाना आम्ही अजून का छापतो? धम्म स्वीकारल्यावरही मातंग, चर्मकार, वाल्मीकी घरातली सून म्हटले की आमच्या बैठकीतले आवाज का खाली येतात? मुलाने दुसऱ्या जातीतली मुलगी आणली तर आम्ही क्रांती म्हणतो, आणि आमची मुलगी गेली तर तोंड काळे केले म्हणतो. मंचावर बाबासाहेब आणि माजघरात कॅप्युलेट, हे कुठवर चालणार?

म्हणून चळवळीने तीन कामे हाती घ्यावीत असे आम्हाला वाटते. पहिले, प्रत्येक तालुक्यात अशा जोडप्यांना उघडपणे आसरा देणारी किमान पाच घरे असावीत, पाद्रीसारखी चोरून मदत करणारी नव्हेत. दुसरे, खटल्यात साक्षीदारामागे शेवटच्या तारखेपर्यंत उभे राहावे, कारण खर्ड्यात न्याय हरला तो तिथे. तिसरे, आपल्या मेळाव्याच्या अर्जातून पोटजातीचा रकाना आजच काढून टाकावा. त्याला कोणत्याही सरकारची परवानगी लागत नाही.

परीक्षेला बसणाऱ्या मुलामुलींना आमचे एवढेच सांगणे, की या प्रश्नाचे उत्तर लिहिताना 'सर्वच जबाबदार' असे लिहू नका. आरोपीचे नाव लिहा. एखादा गुण कमी पडला तरी चालेल.

जयभीम!